वाचनबाधित

शहापूरच्या प्रगती सार्वजनिक वाचनालयाला सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गातून 'अ' वर्गात जायचे होते. त्यासाठी तालुक्याबाहेरचे लोक येतील असा एक तरी मोठा कार्यक्रम करणे आवश्यक होते. साहित्य संमेलन मुरबाडकरांनी आधीच उरकले होते. कविसंमेलन घ्यावे तर तालुक्यात कवी जास्त आणि सतरंज्या कमी. व्याख्यानमालेत मागच्या वर्षी व्याख्यातेसुद्धा शेवटपर्यंत थांबले नव्हते. म्हणून कार्यकारिणीने डिसेंबर २००३ मध्ये चित्रकथा संमेलन भरवायचे ठरवले. चित्रकथा म्हणजे चौकटी आखून चित्रांतून सांगितलेली गोष्ट, जिला पोरे कॉमिक म्हणतात. याच वाचनालयाच्या दारावर 'येथे चित्रकथा मिळत नाहीत, कृपया वाचन करा' अशी पाटी तेरा वर्षे होती. संमेलनापुरती ती उलटी करून मागच्या बाजूला 'सुस्वागतम' लिहिले.

मी भातसानगरला राहतो. धरणाचे दरवाजे उघडायच्या आणि बंद करायच्या कामावर आहे. वरून आदेश आला की उघडतो, आदेश आला की बंद करतो. मला चित्रकथेतले काही कळत नाही. मी संमेलनाला गेलो तो एक प्रश्न विचारायला. प्रश्न माझाही नव्हता. माझी बायको रत्नप्रभा, जी त्याच वर्षी मार्चमध्ये वारली, तिचा होता.

'टपालवाली हंसा' नावाची एक चित्रकथा दर महिन्याला निघत असे. हंसा डोंगरातल्या वाड्यापाड्यांवर टपाल पोहोचवते, एवढीच गोष्ट. मी आसनगाव स्टेशनवरच्या स्टॉलवरून अंक आणून द्यायचो आणि रत्नप्रभा वाचायची. १९९४ साली एकेचाळिसावा अंक आला. त्याच्या शेवटच्या पानावर नदीला पूर आहे, हंसा एका हाताने दोराला लोंबकळते आहे आणि दुसऱ्या हातात टपालाची पिशवी आहे. हात निसटतो आहे. पिशवी सोडली तर दोन्ही हातांनी दोर धरता येईल. नाही सोडली तर दोर सुटेल. पुढचा अंक आलाच नाही. प्रकाशकाने दुकान बंद केले.

रत्नप्रभाने प्रकाशकाच्या पत्त्यावर चित्रकाराला पत्र टाकले. तेव्हा माझ्या बदलीची बोलणी चालू होती, म्हणून उत्तरासाठी तिने वाचनालयाचा पत्ता दिला. वाचनालयाची बदली होत नाही. उत्तर काही आले नाही.

पुढे नऊ वर्षे ती अधूनमधून हा विषय काढायची. कल्याणच्या दवाखान्यात शेवटी अठरा दिवस होती, तेव्हाही एकदा म्हणाली, "ओ, ती हंसा अजून तशीच लोंबते हाय. त्या मानसाला कुनीतरी इचारा ना, काय सोडलं तिनं. पिशवी का दोर?"

मी म्हणालो, "इचारू."

संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर 'टपालवाली हंसाचे चित्रकार भगीरथ गुरुजी, मुरबाड' असे छापले होते. अंकावर तो माणूस फक्त 'भगी' अशी सही करायचा. तो मुरबाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होता आणि इतकी वर्षे आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर होता, हे मला पत्रिका वाचून कळले. मुंबईच्या चार चित्रकारांनी नकार दिल्यामुळे गुरुजींचे नाव सर्वांत वर गेले होते. मी रजा टाकली, एकेचाळीस अंक बायकोच्याच कापडी पिशवीत भरले आणि शहापूरला गेलो.

नोंदणीच्या टेबलावर पिंकी नावाची कॉलेजातली मुलगी बसली होती.

"काका, कोणत्या गटात? मान्यवर, संग्राहक का विद्यार्थी?"

"मला गुरुजींना एक प्रश्न इचारायचाय. माझी बायको वाचायची त्यांचे अंक."

"वाचक?" तिने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "वाचकांचा कप्पा नाय ओ याच्यात."

"मग कुठं लिहिशील?"

"थांबा, सरांना बोलावते."

सर म्हणजे कार्यवाह प्रशांत. हा मूळ शेणव्याचा, कल्याणला बँकेत आहे, मला ओळखतो. त्याच्या छातीला एवढा मोठा बिल्ला होता की तो हात जोडायला लागला की आधी बिल्ला पुढे यायचा.

"पांडूदादा, तुमी? वहिनींचं कळलं, वाईट झालं. पण काय हाय, आपला टाइम टाइट चालू हाय. गुरुजींना भेटायचं टोकन फक्त संग्राहकांना. तुमच्याकडं अंक हायत ना? मग तुमी संग्राहक. फक्त तपासून घ्या, तिकडं पेडणेकर साहेब बसलेत. डोंबिवलीहून आलेत, लय मोठं कलेक्शन हाय त्यांचं. स्वतःसुद्धा अजून उघडून बघितलं नाय."

फॉर्मवर संग्रहाच्या मालकाचे नाव लिहायचे होते. मी 'कालकथित रत्नप्रभा पांडू उबाळे' असे सांगितले.

"कालकथित नाय बसत," पिंकी म्हणाली. "कै. छापलेलं हाय."

"आमच्यात कालकथित म्हणतात."

"बरोबर हाय काका. पण छापलेलं हाय."

पेडणेकर साहेबांच्या मागे भिंतीवर तक्ता होता. वर्ग 'अ': न उघडलेली प्रत. वर्ग 'ब': उघडलेली परंतु न वाचलेली. वर्ग 'क': वाचलेली परंतु तसे दिसून न येणारी. वर्ग 'ड': वाचनबाधित. गुरुजींची भेट 'अ' आणि 'ब' वर्गाला होती. 'क' वर्गाला लांबून बघता येणार होते. 'ड' वर्गासाठी मंडपाबाहेर चहाची सोय होती.

पेडणेकरांनी पांढरे हातमोजे घातले, पिशवीतला पहिला अंक चिमट्याने उचलला आणि उजेडाकडे धरला.

"हा पिवळा डाग?"

"हळद."

"हे पान दुमडलंय."

"कुकरची शिट्टी झाली की तिला उठावं लागायचं. उठताना दुमडून ठेवायची."

"म्हणजे हा अंक वाचलाय?"

"व्हय."

"सगळेच?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस. पावसाळ्यात परत पहिल्यापासून."

पेडणेकरांनी चिमटा खाली ठेवला. मागच्या रांगेतले दोन संग्राहक पुढे येऊन वाकून बघू लागले. अपघात झालेल्या गाडीत लोक बघतात तसे. त्यांच्या हातातले अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत होते आणि पिशव्यांना चिकटपट्टी होती.

"पूर्ण मालिका! अख्ख्या महाराष्ट्रात पूर्ण मालिका कुणाकडे नाही," पेडणेकर म्हणाले. "आणि घरातल्याच माणसानं अशी वाचून टाकली. तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं हो."

"व्हय. द्यायला हवं होतं."

त्यांनी शिक्का मारला. 'वाचनबाधित'. एकेचाळीस वेळा मारला, कारण प्रत्येक प्रतीची स्वतंत्र नोंद आवश्यक होती.

मी प्रशांतकडे परत गेलो. त्याने नियमावली काढली. माणूस वाईट नाही. नियमात असेल तेवढी मदत तो कुणालाही करतो. कलम नऊ त्याला सापडले. संग्रहाचा विद्यमान मालक स्वतः वाचक नसेल, तर प्रती दोन वर्ग वर चढवता येत होत्या.

"मालकीन वहिनी होत्या. आता मालक तुमी," प्रशांत म्हणाला. "तुमी वाचलेत का?"

"नाय."

"एकपन नाय?"

"शेवटचं पान बघितलंय. बाकी ती सांगायची."

"आनि तुमी ऐकायचात?" त्याने काळजीने विचारले.

"हं म्हणायचो."

"मग लक्षात काय हाय?"

मी आठवून पाहिले. रोज पाळीवरून आल्यावर मी जेवायला बसायचो आणि ती समोर बसून सांगायची. हंसाने कुठल्या वाडीवर काय केले, कोणाचे पत्र कोणाला दिले, कोण रडले. बोलताना तिचा हात हवेत चालायचा, ते मला दिसत होते. शब्द एकही नव्हता.

"काय नाय," मी म्हणालो.

"झालं की मग! लिहून द्या."

मी साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र लिहून दिले की, मी खाली सही करणार पांडू उबाळे, राहणार भातसानगर, माझ्या कब्जातील चित्रकथा मी वाचलेल्या नाहीत, सव्वीस वर्षांच्या संसारात पत्नी त्या मला सांगत असताना माझे लक्ष नव्हते, आणि त्यातील मजकुराशी माझा कोणत्याही प्रकारे संबंध आलेला नाही. पेडणेकरांनी ते दोनदा वाचले आणि उठून माझा हात हातात घेतला.

"सव्वीस वर्षं संसार केलात, आणि एकदाही मोह झाला नाही?"

"नाय."

"तुम्ही खरे संग्राहक," ते म्हणाले. मला 'ब' वर्गाचे टोकन मिळाले. नंबर एकोणीस.

टोकनवाल्यांची रांग प्रदर्शनातून जात होती. टेबलांवर काचेच्या पेट्या होत्या. पहिल्या पेटीत गुरुजींची दौत, दुसऱ्या पेटीत टाकाचे निब. तिसऱ्या पेटीपुढे रांग अडली होती, कारण लोक फोटो काढत होते. आत एक निळसर पाकीट होते. खाली चिठ्ठी होती: 'चित्रकाराने वाचकास लिहिलेले पत्र. सन १९९४. पाकीट आजतागायत न उघडलेले. वर्ग अ. अत्यंत दुर्मीळ.'

पाकिटावर पत्ता होता. सौ. रत्नप्रभा पांडू उबाळे, मार्फत प्रगती सार्वजनिक वाचनालय, शहापूर.

मी पेटीवर हात ठेवला. वाचनालयाच्या ताराबाई पेटीशेजारी राखणीला बसल्या होत्या. त्या आवक टेबलावर असतात. आलेले टपाल वहीत चढवतात.

"काचेला हात नका लावू, दादा."

"ताराबाई, हे पत्र माझ्या बायकोचं हाय."

"माहीत हाय. मीच चढवलंय. आवक नंबर दोनशे चौदा."

"ती दर शनिवारी इथं पुस्तक बदलायला यायची. नऊ वर्षं."

"ती देवघेव टेबलावर जायची. तिथं लडकू बसतो. आवकवाल्यानं देवघेववाल्याकडं कागद द्यायचा तर त्याची सही लागते, आनि लडकूशी माझं एक्क्यानव सालापासून बोलणं नाय."

"तुमी तिलाच हाक मारायची."

"ती माझ्या टेबलाशी आलीच नाय तर हाक कशाला मारू?" ताराबाई म्हणाल्या. "पन नीट ठेवलं हो मी. वाळवी लागू दिली नाय."

मी प्रशांतला बोलावले. त्याने पत्त्यावरचे नाव वाचले, माझ्याकडे पाहिले आणि त्याला खरेच आनंद झाला.

"दादा, म्हंजे वहिनी आपल्या संमेलनात आल्याच की! तीन नंबरच्या पेटीत!"

"मला पत्र दे, प्रशांत."

"देतो ना. ज्याच्या नावानं हाय त्यानं ओळखपत्र घेऊन समक्ष यायचं, सही करायची, घेऊन जायचं."

"ती कशी येईल?"

"मग वारस दाखला आना. पन तो आनलात तरी पाकीट मिळेल, उघडता नाय येणार. कलम चौदा. प्रदर्शनातली वस्तू हाय त्या अवस्थेत ठेवायची." त्याने आवाज खाली आणला. "आपलं 'अ' वर्गाचं सगळं याच्यावर हाय ओ. तपासणीवाले साहेब उद्या फक्त ही पेटी बघायला येनार हायत."

तेवढ्यात रांग सरकली आणि मला मंचावर जावे लागले.

भगीरथ गुरुजी खुर्चीत बसले होते. सकाळपासून त्यांचा सत्कार चालू होता. वाचनालयाने केला, मग वाचनालयाच्या माजी अध्यक्षांनी वेगळा केला, मग मंडपवाल्याने केला. अकरा शाली अंगावर होत्या आणि मांडीवर नारळ. कार्यक्रमपत्रिकेत 'गुरुजींचे चित्रकलेचे प्रात्यक्षिक' असा अर्धा तास होता. तो शालींना दिला होता. शेजारी कोरा फळा उभा होता. फळ्यावर एका स्वयंसेवकाने आपला सदरा वाळत घातला होता.

नियम असा होता की संग्राहकाने अंक पुढे करायचा, गुरुजींनी प्लास्टिकवर सही करायची, फोटो निघायचा. अंकावर सही नको, कारण त्यासाठी अंक बाहेर काढावा लागला असता. प्रश्न विचारायचे नाहीत असे तीन ठिकाणी लिहिले होते. अठरा जण माझ्यापुढून गेले. एकानेही काही विचारले नाही. त्यांच्याकडे विचारण्यासारखे काही नव्हतेच.

मी एकेचाळिसावा अंक उघडून शेवटचे पान गुरुजींसमोर धरले.

"गुरुजी, हिनं काय सोडलं? पिशवी का दोर?"

मागे कुणीतरी "ओ, प्रश्न नाय, प्रश्न नाय" म्हणाले. गुरुजींनी शालींतून मान वर काढली. आधी पानावरचा तेलाचा डाग पाहिला, मग चित्र, मग मला.

"हे मला एकाच बाईनं विचारलं होतं. उबाळेबाई."

"माझी बायको."

"त्यांना मी पत्र टाकलं होतं. जबाब आला नाय त्यांचा. मी लय दिवस वाट बघितली. त्या कशा हायत?"

"वारली मार्चात. पत्र मिळालंच नाय तिला. ते काय, तीन नंबरच्या पेटीत हाय."

गुरुजी उठले. नारळ मंचावर गडगडत गेले. अकरा शालींसकट ते पायऱ्या उतरले, तिसऱ्या पेटीची काच वर केली, पाकीट घेतले आणि कडेने फाडले.

फाडल्याचा आवाज फार मोठा नव्हता; पण पेडणेकर साहेब खुर्चीवर बसले ते उठेनात. ताराबाईंनी लगेच वहीत वेळ लिहिली. प्रशांत धावत आला.

"गुरुजी! काय केलंत हे?"

"माझं पत्र हाय. मी लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचा हक्क टपालपेटीत टाकेपर्यंत! नंतर तुमचा काय संबंध? तपासणीवाल्यांना काय दाखवू मी आता? आतला कागद?"

गुरुजींनी कागद माझ्या हातात दिला. मी तो तिथेच उभ्याने वाचला. अक्षर चांगले होते.

'सौ. उबाळेबाई यांस नमस्कार. हंसाबद्दल तुमचे पत्र मिळाले. या मालिकेवर मला आजवर साठ-सत्तर पत्रे आली. सगळ्यांना जुने अंक हवे आहेत. हंसाचे पुढे काय झाले, हे फक्त तुम्ही विचारलेत. खरे सांगायचे तर मला ते ठरवता आलेले नाही. पिशवी सोडली तर ती वाचेल, पण मग गावोगावच्या लोकांना काय तोंड दाखवील? नाही सोडली तर सगळेच संपले. मी पुरुष माणूस, शाळामास्तर. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तुम्हाला काय वाटते ते कळवा. तुम्ही सांगाल तसा शेवटचा अंक मी काढीन आणि पदरचे घालून छापीन. वाट पाहतो.'

गुरुजी म्हणाले, "अजून काढतो मी. हात चालतो माझा. तुमी सांगा, काय म्हणणं होतं त्यांचं?"

"नऊ वर्षं हाच इषय काढायची ती," मी म्हणालो.

"त्यांना काय वाटायचं? नऊ वर्षं बोलत होत्या म्हणता."

"ती मला इचारायची."

"आनि तुमी त्यांना?"

"नाय इचारलं."

 गुरुजींनी एक शाल काढून पेटीवर ठेवली, मग दुसरी.

आता प्रशांतच्या ध्यानात आले की पाकीट गेले, पण शेवटचा अंक निघाला तर त्याचे प्रकाशन वाचनालयात करता येईल आणि प्रकाशन-समारंभाला वेगळे गुण आहेत. त्याने मंचावर जाऊन 'कै. रत्नप्रभा उबाळे मत-निश्चिती समिती' जाहीर केली. अध्यक्ष पेडणेकर साहेब, सदस्य माजी अध्यक्ष आणि मंडपवाले. टाळ्या झाल्या. तिघांपैकी कुणीही रत्नप्रभाला पाहिले नव्हते. त्यामुळे समिती निःपक्षपाती आहे, असे प्रशांतने मुद्दाम सांगितले.

समितीच्या चार बैठका झाल्या. तिने एकेचाळीस अंक तपासले, म्हणजे मोजले. माझी साक्ष घेतली. माझे प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून जोडले. फेब्रुवारीत अहवाल आला. त्याची प्रत मला रजिस्टरने आली. निष्कर्ष असा होता: 'सदर महिलेचे पती हे सव्वीस वर्षे तिच्या निकट सहवासात होते. सदर विषय तिने त्यांच्याकडे वारंवार काढला होता. असे असूनही तिचे मत त्यांना माहीत नाही. त्या अर्थी सदर महिलेस कोणतेही मत नव्हते, असे समिती एकमताने ठरवीत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत, मत काय होते ते नमूद करून, लेखी कळवावी.'

मी हरकत घ्यायला बसलो. वर तारीख घातली, विषय लिहिला. तिला भाकरी कडेला करपलेली आवडायची, हे मला सांगता येत होते. उजव्या चपलेची टाच आधी झिजायची, तेही. पिशवी की दोर, या पुढची जागा मात्र मी रोज पाळीवरून येऊन बघायचो आणि ती कोरीच असायची. कामावरच्या लोकांना विचारून पाहिले. तुमच्या बायकोला काय वाटेल? बारा जणांनी ताबडतोब उत्तर दिले. सहा म्हणाले पिशवी, सहा म्हणाले दोर. घरी जाऊन विचारून या म्हटले तर सगळे हसले. विचारायचे काय त्यात, म्हणाले.

तिसाव्या दिवशी मुदत संपली. गुरुजींना मी तसे कार्ड टाकले.

तुम्हीही कदाचित हसला असाल. तुमच्या घरातले माणूस आत्ता आतल्या खोलीत काहीतरी करत असेल. त्याला काय वाटते हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे.

मलाही ठाऊक होते.